भोक पाडलेला भोपळा

“बुवा, हे भोक तुम्हाला माहीत होतं का?”

परागने भोपळा बाळगीरबुवांच्या तोंडासमोर धरला. वाळून खडखडीत झालेला, पिवळट, पोटाशी फुगीर भोपळा. त्याच्या खालच्या अंगाला, दोरी बसते तिथेच, बोटाच्या पेराएवढा, भेगा बुजवायचा राखाडी मसाला थापलेला होता.

बुवा चुलीपुढे बसून चहाचं आधण ठेवत होते. त्यांनी मान वर केली, भोपळा बघितला आणि चुलीत आणखी एक काटकी सारली.

“व्हय,” म्हणाले.

“माहीत होतं?”

“म्याच पाडलंय.”

 पुण्याहून पहाटे निघून पराग आला होता. नेहमीप्रमाणे भोपळे तपासले होते, आज पहिल्यांदाच दोरी सरकवून बघितली होती आणि तिच्याखाली भोक सापडल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून बुवांना काय काय सुनवायचं याची तो जुळवाजुळव करत होता. ‘मला ठाऊक नव्हतं’, ‘वय झालं बाबा’, असं काही म्हातारा म्हणेल आणि मग आपण समजुतीनं घेऊ, असा त्याचा बेत होता.

“बुवा, हा ईश्वरीचा भोपळा आहे!”

“व्हय की.”

“ती बुडाली असती!”

बुवांनी फुंकणी उचलली आणि चूल फुंकली. धूर झाला. धुरात त्यांचा चेहरा दिसेना.

आता हा पराग कोण आणि हा भोपळा कसला, ते सांगायला हवं.

शेलगव्हाण नावाचं लहानसं गाव. गावाबाहेर महादेवाचं देऊळ आणि देवळासमोर जुनी बारव. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जातात, मध्ये हिरवं, गार, खोल पाणी. देवळाची पूजाअर्चा गोसाव्यांच्या घरात, आणि त्या घरातले हे शेवटचे बाळगीरबुवा. लग्न केलं नाही, शिष्य केले नाहीत, प्रवचन म्हणून कधी केलं नाही. लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन यायचे, बुवा चहा द्यायचे, लोक परत जायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना चहानेच बरं वाटायचं.

पूर्वी गावातली सगळी पोरं याच बारवेत पोहायला शिकली. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. मग घरोघरी नळ आले, शाळा लांब गेली, पोरं बारव विसरली. त्यानंतर शेतात शेततळी आली. आत काळा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. त्यात पडलेल्याला वर चढायला पाय टेकता येत नाही, धरायला दगड नाही. एका उन्हाळ्यात अशाच एका तळ्यात गावातली दोन पोरं गेली. त्यातला एक ईश्वरीचा थोरला भाऊ.

त्यांचे दिवस झाल्यावर दुसऱ्या सकाळी बुवांनी देवळाच्या आढ्याला टांगलेले भोपळे खाली काढले आणि घरोघर जाऊन सांगितलं, पोरं पाठवा.

परागचा तेव्हा या गावाशी काडीचाही संबंध नव्हता. तो पुण्याला एका विमा कंपनीत होता. कुठे काय जळेल, काय कोसळेल, कोण किती वर्षांनी मरेल याचा अंदाज बांधायचा, हे त्याचं काम. त्यात तो इतका तरबेज होता की हॉटेलात गेला तरी आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघायचा. एकदा कंपनीची माणसं सामाजिक काम करायला म्हणून बस भरून शेलगव्हाणला आली. शाळेची भिंत रंगवली, पोरांबरोबर फोटो काढले, खाऊ वाटला आणि गेली. सगळी गेली, पण पुढच्या रविवारी पराग एकटाच परत आला. का आला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

बुवांनी त्याला बोलावलं नव्हतं. पण जा असंही म्हणाले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एक पेला जास्त चहा ठेवला, एवढंच.

तेव्हापासून दर रविवारी तो यायचा. येताना त्याने शिट्टी आणली, लांब दोर आणला, औषधांची पेटी आणली. तिसऱ्या पायरीवर उभा राहायचा आणि पाण्यातल्या एकेका डोक्यावर नजर ठेवायचा. कुणाचा भोपळा सैल झाला, कुणी मधोमध गेलं, की शिट्टी. पोरं त्याला परागदादा म्हणायची. ऑफिसात त्याला कुणी दादा म्हणत नव्हतं.

आणि उद्या, सोमवारी, त्याला ऑफिसात उत्तर द्यायचं होतं. बंगळूरची मोठी जागा त्याला मिळत होती. घ्यायची, तर हे रविवार संपले. नाकारायची, तर तिथे पुढे काही उरणार नव्हतं. साहेबांनी तसं तोंडावरच सांगितलं होतं. आता इकडे की तिकडे, एवढाच प्रश्न होता. आणि पराग गेले कित्येक रविवार बुवांना तोच विचारत होता. नोकरी सोडू का? इथेच राहू का?

बुवा म्हणायचे, “च्या घे.”

पण आज पराग विचारायला आला नव्हता. आज तो सांगायला आला होता.

“ते भोक मी बुजवलंय,” तो म्हणाला. “गाडीत मसाला होता, नळ गळायला लागला की लावतात तो. आता आत थेंब जाणार नाही.”

बुवांनी भोपळा हातात घेतला. मसाल्यावरून अंगठा फिरवला.

“चांगलं बसलंय,” म्हणाले.

“आणि माझं ठरलं, बुवा. उद्या राजीनामा देतो. मी इथेच येऊन राहणार. राग मानू नका, पण तुमचं वय झालं. फुटके भोपळे बांधून पोरं पाण्यात सोडायची… ईश्वरीला मी नसताना काही झालं असतं तर? तिच्या आईने एक पोर गमावलंय. तिच्यासाठी तरी मला इथे असायलाच हवं.”

“तिच्यासाठी…”

“हो. तिच्यासाठी.”

बुवांनी चहा गाळला. खाली बारवेकडून पोरांचा कालवा ऐकू यायला लागला होता.

“बांध तिला ह्यो,” बुवा म्हणाले आणि भोपळा परागच्या हातात दिला.

ईश्वरी पहिल्या पायरीवर उभी होती. अंगानं काटकुळी, केसांची घट्ट वेणी, फ्रॉकखाली भावाची जुनी चड्डी. परागने तिच्या पाठीला भोपळा लावला, दोरीचे दोन वेढे घेतले, गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा एक गाठ मारली. ती मुकाट्यानं हात वर करून उभी राहिली. तिला सवय होती.

याच पोरीला पहिल्यांदा आणलं तेव्हा ती पाणी बघून किंचाळली होती. नंतरचे किती तरी रविवार ती नुसती वरच्या पायरीवर बसून असायची आणि पराग तिच्या शेजारी. बाकीची पोरं पोहायची, हे दोघं बसायचे. एका रविवारी तिने अंगठा बुडवला. त्या दिवशी पुण्याला परत जाताना पराग गाडीत एकटाच गाणी म्हणत होता.

तिने पाण्यात उडी घेतली.

आणि काहीतरी बिनसलं. भोपळा तिची कंबर खेचत वर उसळला. पाय हवेत आले, तोंड पाण्यात गेलं. तिने हात मारले, वर आली, पुन्हा भोपळ्याने कंबर उचलली, पुन्हा तोंड खाली. नाकातोंडात पाणी गेलं.

परागची शिट्टी कर्कश वाजली. त्याने दोर फेकला.

ईश्वरीने दोराकडे बघितलंही नाही. कसेबसे हात मारत ती समोरच्या भिंतीपाशी गेली, कोनाड्याच्या कडेला धरलं आणि खोकत राहिली. खोकला थांबला तशी वैतागून ओरडली,

“दादा, ह्यो कुनाचा भोपळा बांधला? माझा द्या!”

“तुझाच आहे तो!”

“माझा असा न्हाई. ह्यो वर वडतोय!”

“वर ओढायलाच तर असतो भोपळा!”

 तिने एका हाताने कोनाडा धरला, दुसऱ्या हाताने पाठीमागची गाठ चाचपली. परागच्या दोन्ही गाठी तिने अशा सोडवल्या की जणू रोज सोडवत होती. भोपळा सुटला आणि डुलत डुलत पाण्यावर लांब गेला. ईश्वरीने भिंतीला पाय लावून अंग झोकून दिलं.

बारव तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापली. मधे थांबली नाही, घाबरली नाही, कुणाकडे बघितलं नाही. पलीकडे हात टेकवून ती वळली आणि तशीच परत आली.

परागच्या तोंडात शिट्टी तशीच होती. फुंकायचं त्याला सुचलं नाही.

ती पायऱ्या चढून त्याच्यासमोर आली. अंगावरून पाणी निथळत होतं.

“तुला…” तो म्हणाला. “तुला येतं पोहायला?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“लई दिस झाले.”

“त्या भोपळ्यात पाणी भरतं, माहीत होतं तुला?”

“गुडगुड वाजतंय की. अन् वर आलं की जड लागतंय. मी वतून टाकते.”

“मग… मग बांधून का घेत होतीस?”

ईश्वरीने बुवांकडे बघितलं. बुवा पायरीवर येऊन बसले होते आणि आभाळाकडे बघत होते, जणू तिथे काही लिहिलेलं आहे.

“सांग ना,” पराग म्हणाला.

ती पायाच्या अंगठ्याने पायरी घासत राहिली. मग अगदी हळू म्हणाली,

“दादा, तुमी लई मनापासून गाठ मारता.”

आणि पळाली. पाण्यात धप्पकन आवाज झाला.

पराग वर चुलीपाशी येऊन बसला. त्याला रडू येत होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला एका पोरीच्या पोहण्याचं रडू यावं याची लाजही वाटत होती. पोरगी तरली, याचा आनंद व्हायला हवा होता. आनंद झालाही होता. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते दुखत होतं.

बुवांनी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

“तिने मला फसवलं,” पराग म्हणाला.

“सांभाळलं म्हन.”

“एकाच अर्थाचं झालं ते.”

बुवांनी आपला पेला उचलला.

“म्हणजे मी इतके दिवस… काहीच केलं नाही?”

“कोन म्हनतं?” बुवांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. “ती पोरगी घागरीतलं पानी बघून डोळे झाकायची. तिला पायरीवर कोन घिऊन बसलं? तू. मला न्हाई जमलं ते. मी दोनदा पुढं गेलो, दोनदा वरडली. तुझ्याशेजारी गप बसायची. ते तुझं हाय. कुनी काढून घ्यायचं न्हाई.”

परागने पेला दोन्ही हातांनी धरला. एवढं ऐकायला मिळालं, हेच त्याला खूप वाटलं.

“मग आता?”

“आता तू भोकं बुजवाया लागलास.”

खालून पोरांचं हसणं वर आलं. बुवांनी कोपऱ्यातून दुसरा भोपळा काढला. लहान होता. त्याच्याबरोबर लाकडी मुठीचं दाभण. दाभणाचं टोक त्यांनी निखाऱ्यात खुपसलं.

“ह्यो सोन्याचा,” म्हणाले. सोन्या म्हणजे ईश्वरीच्या शेजारचा, नुकता दात पडलेला पोरगा. “त्याचे हात आता बरे चालतात. भोपळा हळूहळू पान्यानं भरंल, अन् पोरगं आपल्या हातांवर तरंल. आज त्याची बारी. तू पाड.”

“मी?”

“हितं. दोरीखाली. त्याला दिसाया नगं.”

दाभण लाल झालं. परागने ते भोपळ्याशी नेलं. टोक सालीला लागायच्या आतच त्याला सोन्याचा तो बोळका चेहरा दिसला, मग पाण्यावर येणारे बुडबुडे दिसले, मग त्या शेततळ्याचा काळा कागद दिसला. त्याचा हात कापायला लागला. दाभण विझून काळं झालं.

“माझ्यानं नाही होत,” तो म्हणाला. आज सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं खरं वाक्य होतं.

“माझ्यानं बी होत न्हाई,” बुवा म्हणाले.

“काय?”

“दर बारीला हात असाच कापतो. इतकी वर्सं झाली, एकदा बी सरळ न्हाई पडलं भोक.”

“मग कसं पाडता?”

“पाडतो. अन् मग त्या दिसापासून भाईर न्हाई निघत.”

“कुठून?”

“पान्यातून.”



दर रविवारी बुवा गळ्यापर्यंत पाण्यात उभे असायचे. पाण्याखाली एक पायरी होती, तिच्यावर पाय रोवून. दातावर दात वाजायचे, ओठ निळे पडायचे, तरी बाहेर यायचे नाहीत. परागला वाटायचं, म्हाताऱ्याला हौस आहे. दोन वेळा त्याने समजावलंही होतं, की या वयात इतका वेळ गार पाण्यात राहणं छातीला बरं नाही. आकडेवारीसुद्धा सांगितली होती. बुवांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली होती.

“हात ठिवतो पोराच्या पोटाखाली,” बुवा म्हणाले. त्यांनी तळवा आडवा धरून दाखवला. “पर लावत न्हाई. एवढं अंतर ठिवतो. त्याला कळाया नगं, अन् लागंल तवा हात तिथं पायजे.”

“ईश्वरीला कळलं होतं?”

“इचार तिला.”

परागने विचारलं नाही. गळ्यातली शिट्टी त्याला अचानक जड लागायला लागली. तिसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर पाणी त्याच्या घोट्यापर्यंत यायचं. इतके रविवार झाले, पण त्याच्या गुडघ्याला या बारवेचं पाणी लागलेलं नव्हतं. पोहणं त्याला येत होतं. पुण्याच्या निळ्या फरशीच्या तलावात, जिथे हवं तिथे पाय टेकतात आणि कडेला धरायला दांडी असते. इथे खाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याने आल्या दिवशीच विचारलं होतं आणि बुवा म्हणाले होते, पानी हाय.

खालून हाक आली.

“दादा! उतरा की! रोजच काय वर हुबं राहायचं?”

ईश्वरी होती. तिच्या मागे दोनचार डोकी, सगळी वर बघत.

“मी… मला सवय नाही इथल्या पाण्याची,” परागने वरून सांगितलं.

“मग भोपळा बांधू का?” कुणीतरी ओरडलं आणि बारव हसण्याने दणाणली. जुनं बांधकाम, एकाचं हसणं दहाचं होऊन येतं.

पराग उठला. शर्ट काढला. शिट्टी काढून देवळीत ठेवली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर तो सवयीने थांबला. मग चौथी. पाणी पोटरीला लागलं, मांडीला लागलं, बर्फासारखं पोटाला लागलं आणि त्याच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. पोरं हरखून गेली.

मग पाय सुटले.

पहिले चार हात बरे गेले. मधोमध आल्यावर त्याने उगाचच पाय खाली सोडून बघितला. काही लागलं नाही.  हात वेडेवाकडे पडायला लागले, तोंडात पाणी आलं, भिंत होती तिथेच राहिली आणि बारव एकदम मोठी झाली.

त्याने डोकं वळवलं. शेजारी ईश्वरी पोहत होती. त्याच्याकडे बघत नव्हती. काही बोलत नव्हती. धरत नव्हती. हातभर अंतरावर, त्याच्या चालीने, सावकाश…

तो पलीकडे पोहोचला. कोनाड्याला हात लागला. छाती भात्यासारखी चालली होती.

“बरं पोवता की, दादा,” ईश्वरी म्हणाली. “पर पाय लई आपटता.”

तो परत वर आला तेव्हा बुवांनी निखारे नीट सारून ठेवले होते आणि दाभण पुन्हा त्यात होतं. परागने अंग पुसलं नाही. तसाच, पाणी गळत असलेला, चुलीपुढे बसला. सोन्याचा भोपळा मांडीवर घेतला. दाभण उचललं. हात या वेळीही कापत होता. चर्र झालं, जळक्या भोपळ्याचा वास आला आणि भोक पडलं. सरळ पडलं नाही.

दाभण परत निखाऱ्यात खोचून त्याने खाली जाऊन सोन्याला भोपळा बांधला. गाठ एकच मारली. मग स्वतः पाण्यात उतरला, त्या पाण्याखालच्या पायरीवर पाय रोवले, आणि पोरगा हात मारत पुढे आला तसा त्याच्या पोटाखाली तळवा नेला. तळवा पाण्यात, पोट पाण्यात आणि मधे थोडं पाणी. ते थोडं पाणी सोडून देणं किती अवघड असतं, ते त्याला तेव्हा कळलं. हात आपोआप वर जायचा, तो पुन्हा खाली घ्यायचा. सोन्या दातांच्या खिंडीतून पाणी उडवत होता आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

वर पायरीवर बुवा बसले होते. कोरडे. कित्येक रविवारांत पहिल्यांदा.

ऊन तापलं तशी पोरं घरोघर पांगली. जाताना ईश्वरी वळून म्हणाली,

“फुडच्या रविवारी पैज लावू, दादा.”

“तुला आता कशाला मी हवाय?”

तिला प्रश्नच कळला नाही. “पैजेला दोघं लागत्यात की,” म्हणाली आणि गेली.

पराग आणि बुवा दोघंच चुलीपाशी राहिले.  बारवेचं पाणी पुन्हा हिरवं, गुळगुळीत झालं होतं. एका कोपऱ्यात तो मसाला लावलेला भोपळा अजून तरंगत होता.

“बुवा.”

“हं.”

“मी सगळ्यांना सांगितलं होतं, एका पोरीसाठी नोकरी सोडतोय. आईलासुद्धा सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला.”

“हं.”

“आता ते राहिलं नाही.”

“न्हाई राहिलं.”

“तिला माझी गरज नाही. उद्या सोन्यालाही असणार नाही.”

“नसावीच.”

“मग मी कुणासाठी सोडू?”



पराग पाण्याकडे बघत होता. जे मनात आलं होतं ते फारच लहान होतं. साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं, आईला सांगण्यासारखंही नव्हतं. तरी त्याने सांगितलं.

“मला इथे बरं वाटतं, बुवा.”

“येवढंच?”

“एवढंच.”

“पुरतंय का?”

“तेच तर कळत नाही!” परागचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “मघाशी तिथे मधोमध पाय खाली सोडून बघितला ना, तसं वाटतंय. काही लागतच नाही. बंगळूरला गेलो तर सगळं ठरलेलं आहे, पुढच्या वीस वर्षांचं. इथे राहिलो तर… काय खायचं, कुठे राहायचं, पोरं मोठी झाल्यावर काय, काहीच माहीत नाही. हे मला आयुष्यात कुणी विचारलं असतं, तर मी त्याला स्वच्छ नाही म्हणून सांगितलं असतं. तेच माझं काम आहे. पण आज सोन्याच्या पोटाखाली हात होता तेव्हा मला बंगळूर आठवलंसुद्धा नाही.”

बुवांनी चुलीत एक काटकी सारली.

“तुम्ही एवढे दिवस मला चहा पाजलात. एकदाही उत्तर दिलं नाहीत. आज द्या. रात्री परत गेलो की माझा धीर सुटेल. तुम्ही फक्त एकदा हो म्हणा, बुवा. तुम्ही हो म्हणालात, की माझा जीव भांड्यात पडेल. मग मी कुणाला घाबरणार नाही.”

बुवांनी त्याच्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. त्या बघण्यात माया होती, आणि परागला ती दिसली.

“व्हय,” म्हणाले.

 परागचा सगळा चेहरा उजळला, त्याने मोठा श्वास सोडला आणि वाकून बुवांच्या पायाला हात लावला.

तो वर उठतो तोवर बुवांनी चुलीत हात घातला होता. निखाऱ्यात राहिलेलं दाभण त्यांनी मुठीकडून धरून बाहेर काढलं. टोक लाल होतं.

मूठ परागच्या हातात दिली आणि म्हणाले,

“आता माझ्या ह्या ‘व्हय’ला भोक पाड.”